बघूची पातळी

मराठीतून एक शब्द कायमचा काढून टाकायची मुभा मला कुणी दिली असती, तर मी डोळे झाकून 'बघू' काढला असता. आयुष्यभर विमा विकलाय मी. कऱ्हाडातल्या निम्म्या घरांत चहा प्यालेय, आणि त्या प्रत्येक चहाबरोबर "बघू वहिनी" हे ऐकलंय. ऐकून ऐकून एवढं मात्र झालं, की 'बघू'चे प्रकार मला पाठ झाले. मान खाली घालून म्हटलेला 'बघू' म्हणजे नाही. बायकोकडे बघत म्हटलेला 'बघू' म्हणजे ती नाही म्हणणार. "बघू, बघू" असं घाईनं दोनदा आलं, की आपण चपला घालायच्या. आणि क्वचित एखादा माणूस खिडकीबाहेर बघत, नाक चोळत, सावकाश "बघूऽ" म्हणतो. तेव्हा गप्प बसावं आणि हळूच पेन काढून ठेवावं. त्याचं मनातून ठरलेलं असतं, फक्त तोंडावाटे यायला वेळ लागतो.

हा शेवटचा प्रकार मी घरीच शिकले. आमचे हे, रत्नाकर डुबल, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. सगळं गाव डुबलसाहेब म्हणायचं. "साहेब, आमच्या गल्लीला पाणी कधी?" "बघूऽ." पाणी यायचं, वेळेवर यायचं, पण आधी शब्द देऊन मोकळं व्हायचं नाही, ही त्यांची शिस्त. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "काय मग, मुलगी पसंत आहे का?" तर हा बाबा खिडकीबाहेर बघत, नाक चोळून म्हणाला, "बघूऽ." वडिलांचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या होणाऱ्या सासूबाई गडबडून म्हणाल्या, "अहो, होकार आहे त्याचा! तो असाच बोलतो हो." मी आत तणतणत होते. असल्या माणसाशी लग्न करायचं? पण केलं. आणि मग जन्मभर त्या शब्दावरून भांडले.

तर या माणसाला साठीला टेकता टेकता पार्किन्सन झाला.

उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला, जपमाळ ओढल्यासारखा. चाल आखडली. ते लोकांना दिसायचं, लोक विचारायचे, आम्ही सांगायचो. खरा छळ आत होता आणि तो कुणाला दिसत नव्हता. दुपार कलली की यांचं बनियन घामानं चिंब व्हायचं, डोक्यावर पंखा फिरत असताना. छातीत धडधड. "शैला, काहीतरी होणार आहे." काय होणार आहे? ते सांगता यायचं नाही. साधा शब्द आठवायचा नाही, दार वाजलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे, उगाच डोळे भरायचे. मग गोळी पोटात गेली, थोडा वेळ गेला, की हाच माणूस हाक मारायचा, "अगं, भजी करतेस का?" नाटक करतोय की काय असं वाटावं, इतका झटपट फरक. मी तर चक्रावूनच जायचे.

डॉ. शहापुरे म्हणून मेंदूच्या डॉक्टर आहेत, वयानं आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी यांच्याच भाषेत समजावलं.

"डुबलसाहेब, मेंदूला डोपामिन नावाचं एक रसायन लागतं. ते नुसतं हातापायांना नाही लागत. धीर, उमेद, लक्ष लागणं, घाम ताळ्यावर राहणं, सगळ्यात त्याचा हात असतो. ते तयार करून साठवणाऱ्या पेशी असतात. ती तुमची टाकी समजा. आजार नवा असतो तेव्हा गोळीतलं औषध उरल्यासुरल्या पेशी साठवतात आणि पुरवून पुरवून वापरतात. वर्षं जातात तशा त्या पेशी कमी होतात."

"टाकी गेली म्हणजे," हे म्हणाले. "डायरेक्ट लाईन. मोटर चालू, तोवर पाणी."

"अगदी बरोबर. गोळी म्हणजे मोटर. ती उतरली की हात थरथरतो. पण पुष्कळदा त्याच्याही आधी आतलं पाणी जातं. भीती वाटते, उदास वाटतं, घाम सुटतो, अंग दुखतं, डोकं चालत नाही. दिवसातून चार-चार वेळा हे येतं आणि जातं. घरच्यांना वाटतं, स्वभाव बिघडला. स्वभाव नसतो हो तो, पाण्याची वेळ असते."

यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी भित्रा झालेलो नाही." त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मला तिथेच रडू फुटलं.

त्याच वर्षी ती चकती आली. दंडावर चिकटवायची, रुपयाच्या नाण्याएवढी. तिला केसाहून बारीक सुया. टोचलेल्या कळतसुद्धा नाहीत. कातडीखालच्या पाण्यात किती औषध आहे ते ती सतत मोजते, घाम आणि नाडी वाचते, बोलण्याचा आवाज ऐकते, आणि काही आठवड्यांत त्या माणसाचं आतलं पाणी किती आहे याचा अंदाज बांधायला शिकते. तिच्यावर बारीक दिवा. पाणी असलं की हिरवा, ओसरलं की पिवळा. तोच दिवा माझ्या फोनवर आणि आमच्या ऋतुजाच्या फोनवर, पुण्यात.

पहिल्या दिवशी दुपारी पिवळा लागला, तशी मी हातातलं काम टाकून यांच्याजवळ जाऊन बसले. हात घामेजलेला. "काहीतरी होणार आहे, शैला."

"काही होणार नाही. पाणी गेलंय फक्त."

त्या भीतीतसुद्धा ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले. "कधी येणार?"

जन्मभर ज्या माणसाला सगळं गाव हे विचारत होतं, तो मला विचारत होता. मी म्हटलं, "भजी तळून होईपर्यंत येतंय बघा." आणि आलं. एवढं बरं वाटलं मला! ज्यानं कुणी ती चकती शोधून काढली त्याला घरी बोलावून पुरणपोळी घालावी, असं वाटलं.

कितीतरी महिने छान गेले. पुढे काय बिघडत गेलं, ते मला लगेच कळलंही नाही. आम्ही यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून दंडाकडे बघायला लागलो होतो.

रशीदभाई मुल्ला गेले. यांच्या हाताखाली गल्लोगल्ली फिरून पाणी सोडणारा माणूस. नोकरीभर दोघं एकाच डब्यात जेवले. मयतीहून आल्यावर हे व्हरांड्यात बसून लहान मुलासारखे रडायला लागले. तेवढ्यात ऋतुजाचा फोन. "मम्मी, पप्पांचा पिवळा लागलाय बघ. जादाची गोळी दे ना." डॉक्टरांनी जवळ ठेवायला सांगितलेली ती गोळी आणि पाणी घेऊन मी बाहेर गेले.

"मला गोळी नको," हे म्हणाले. "रशीद गेलाय. मला रडायचंय."

"अहो, पिवळा आहे. त्यानं जास्त वाटतंय तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, दंडाकडे बघितलं आणि मुकाट्यानं गोळी घेतली. थोड्या वेळानं डोळे कोरडे. भजीची आठवण झाली. रशीदभाईंचं नाव पुन्हा काढलं नाही. दिवा खोटं सांगत नव्हता, पाणी खरंच ओसरलं होतं. पण दोस्तही खरंच गेला होता ना.

आणि हिरव्यात? हिरव्यात सगळ्याला "हो!" मंडळाचे अध्यक्ष होता का? हो! कुत्रा पाळायचा का? हो! मला तर सुरुवातीला चैन वाटली. जन्मात पहिल्यांदा या घरात सरळ उत्तर मिळत होतं. यांच्या वाढदिवसाला ऋतुजानं हॉल घेतला, गाणी लावली, आणि हे नाचले. डुबलसाहेब! स्वतःच्या वरातीत ज्यांनी हातसुद्धा हलवला नव्हता, ते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. हिरव्यात हो, पिवळ्यात नको. आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय एवढंच मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

मग पंपाचं निघालं. पोटाच्या कातडीखाली लहानसा पंप बसवायचा. चकतीचं ऐकून तो औषध थेंबाथेंबानं सोडत राहणार. गोळ्या नाहीत, दुपारची भीती नाही.

"म्हणजे टाकी," हे म्हणाले.

"टाकीच," डॉ. शहापुरे म्हणाल्या. "पण एक गोष्ट तुम्हाला ठरवावी लागेल. हातापायांना किती औषध लागतं ते आम्हाला मोजता येतं. मन कुठल्या पातळीवर ठेवायचं, ते मोजता येत नाही; ते ज्याचं त्याचं असतं. म्हणून यंत्राला एक नमुना द्यावा लागतो. पेशंट अगदी स्वतःसारखा होता अशी एक वेळ. यंत्र ती वेळ धरून ठेवतं आणि माणसाला पुन्हापुन्हा तिथे आणतं. नीट विचार करून सांगा. एकदा शिकलं की ते बदलायला वर्ष जातं, आणि त्या वर्षात सगळे चढउतार नव्यानं सोसावे लागतात."

"वाढदिवसाचा दिवस!" फोनवरून ऋतुजा लगेच म्हणाली. "पप्पांना इतकं खूश मी कधी बघितलं नाही. चालेल ना पप्पा?"

दिवा हिरवा होता. "हो! उत्तम!" हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी पिवळ्यात माझा हात घट्ट धरून म्हणाले, "तो दिवस नको, शैला. तिथे नाचत होता तो कोण होता मला माहीत नाही. तो नाचत होता आणि मी बाजूला उभा होतो. मला कायमचा तो करू नका."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "नियम असा आहे, पिवळ्यातला नकार धरता येत नाही. भीतीपोटी माणूस चांगल्या उपचारालाही नाही म्हणतो. सही हिरव्यातच घ्यायची. पण तुमचं काय म्हणणं आहे ते मला कळवा." नियम पेशंटच्याच भल्याचा होता, मला कळत होतं. पण मग हा माझा हात धरून काकुळतीला आलेला माणूस कुणीच नाही का? आणि मी तरी कुणाचं ऐकायचं? हो म्हणणारा हसत होता, नको म्हणणारा घाबरलेला होता. यापुढे माझ्या घरात कोण राहणार आणि यांना स्वतःला कोण म्हणून जगावं लागणार, ते माझ्या एका उत्तरावर आलं होतं.

गुरुवारी दुपारी मी आत कोथिंबीर निवडत होते. शेजारच्या कुंभारवहिनी व्हरांड्यात आल्या. "डुबलसाहेब, वरच्या मजल्यावर पाणी चढेना बघा. ऑफिसात तुमचं कुणी ओळखीचं असेल तर सांगता का?"

मग आवाज आला.

"बघूऽ."

माझ्या हातातली कोथिंबीर तिथेच राहिली. धावत बाहेर आले. हे गेटबाहेरच्या नळाकडे बघत होते आणि नाक चोळत होते. देवा रे! किती महिन्यांत हा शब्द या घरात ऐकला नव्हता, आणि तो हरवलाय हे मला समजलंसुद्धा नव्हतं. दंडावर बघितलं. दिवा धड हिरवा नाही, धड पिवळा नाही. पिकायला लागलेल्या लिंबाचा असतो तसला रंग. गोळी उतरायला लागली होती, पण भीती अजून यायची होती. या मधल्या फटीत माझा नवरा राहत होता. हिरवा जरा फिकट दिसला की आम्ही घाईनं गोळी देऊन ती फट बुजवत होतो; नाही जमलं, की थेट पिवळाच बघत होतो.

कुंभारवहिनी गेल्यावर मी समोर बसले. "अहो, पंप बसवायचा का?"

"बघूऽ."

बाकी कुणी असतं तर वैतागलं असतं. मी गप्प बसले. असा 'बघू' आला की गप्प बसायचं असतं, हे माझ्या धंद्यानं मला शिकवलंय. बऱ्याच वेळानं ते बोलले.

"टाकी हवी मला. ती दुपारची भीती नको आता, सोसत नाही. पण काठोकाठ भरू नका. थोडी जागा ठेवा." मग म्हणाले, "रशीदसाठी मी अजून नीट रडलेलो नाही गं."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि आम्ही दोघंही रडलो. तेवढ्यात दिवा पिवळा झाला, फोन वाजायला लागला. मी तो उचलला नाही.

दवाखान्यात गेलो त्या दिवशी ऋतुजा पुण्याहून आली होती. यांनी नुकतीच गोळी घेतलेली, दिवा हिरवागार. डॉक्टरांनी विचारलं, "वाढदिवसाची वेळ घ्यायची ना नमुन्याला?"

"हो!"

"की गुरुवारची?" मी मध्येच विचारलं.

"तीही छान!"

डॉक्टरांना हसू आलं. मी म्हटलं, "बाई, सहीला हिरवा लागतो. नमुन्याला लागतो का?"

"नमुन्याला रंगाची अट नाही. पण गुरुवारचे आकडे मध्यम आहेत हो. त्याहून चांगलं आपल्याला देता येईल."

"मम्मी, तुला पप्पा आनंदी नकोत का?" ऋतुजा एकदम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी इथे नसते. फोनवर पिवळा दिसला की माझा जीव खालीवर होतो. मला तो पुन्हा दिसायला नको."

पोरीचं काय चुकलं? मी तिला जवळ घेतलं. "मलाही नकोय तो. पण बाळा, मी कधी घाईच्या 'हो'वर पॉलिसी दिली नाही. असलं गिऱ्हाईक दुसऱ्या हप्त्याला तोंड लपवतं. जरा थांबू. ही गोळी उतरायला लागू दे, आणि मग पप्पांनाच विचारू. ते वाढदिवस म्हणाले तर वाढदिवस. मी एक शब्द बोलणार नाही."

डॉ. शहापुरे थांबल्या, हे त्यांचे उपकार. मधले पेशंट त्यांनी तपासून घेतले. आम्ही तिघं बाहेर बाकावर. हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होते, वॉर्डबॉयला जेवायला घरी बोलावून झालं होतं. हळूहळू ते शांत होत गेले. मग बोलणं थांबलं. लिंबाचा रंग आला, तसे आम्ही आत गेलो.

"डुबलसाहेब," डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "नमुन्याला कुठली वेळ घ्यायची? वाढदिवसाची की गुरुवारची?"

आता मला मध्ये बोलायची सोय नव्हती. शब्द देऊन बसले होते ना मी. यांनी ऋतुजाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघायला लागले. थरथरणारा हात नाकापर्यंत गेला.

"बघूऽ."

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. पण ऋतुजाच्या तोंडून हुंदका फुटला. "पप्पा!" ती म्हणाली. "मम्मी, अगं, हे... सायकल मागितली होती तेव्हा असंच..." सायकल मागितली तेव्हा हे असेच 'बघूऽ' म्हणाले होते. ती रुसून झोपली आणि सकाळी दाराशी सायकल उभी होती. तिला ओळख पटली. तिनं यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "डॉक्टर, गुरुवार नको, वाढदिवसपण नको. आत्ताची वेळ घ्या. आत्ता. हे माझे पप्पा आहेत."

"घेऊ का साहेब?" डॉक्टरांनी विचारलं.

यांनी सावकाश मान हलवली. डॉक्टरांनी यंत्राचं बटण दाबलं आणि ती वेळ धरून ठेवली. मग पुढची गोळी झाली, हिरवा आला, आणि साहेबांनी "हो हो, आणा इकडे!" करत एवढ्या उत्साहानं सही ठोकली, की ती कागदाबाहेर गेली.

पंप बसून आता पावसाळा सरत आलाय. दुपार कलते, पण बनियन भिजत नाही. हे आनंदानं उड्या मारत नाहीत, आणि आतल्या खोलीत जाऊन लपतही नाहीत. हात थोडा हलतो. दार वाजलं की स्वतः उठून बघतात. परवा रशीदभाईंचा मुलगा डबा घेऊन आला, त्यात वडील आणायचे तसला शिरखुर्मा. त्या पोराशी बोलता बोलता यांचे डोळे भरले, मनसोक्त रडले, नाक पुसलं आणि शिरखुर्मा खाल्ला. चकतीनं चूं केलं नाही. माझा फोन कुठे होता, मलाही आठवत नव्हतं.

पोरगा गेल्यावर आम्ही दोघंच व्हरांड्यात बसलो होतो. ऊन उतरलं होतं. मला काय हुक्की आली कुणास ठाऊक, मी खुर्ची यांच्यासमोर ओढली, पदर नीट केला आणि वडिलांच्या आवाजात विचारलं, "काय मग, मुलगी पसंत आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गेटबाहेरच्या नळाकडे बघत नाक चोळलं.

"बघूऽ," म्हणाले.

मी गप्प बसून राहिले.